लेबलवर आधी माझ्या आजीचं नाव लिहा

मागच्या डिसेंबरात एका महानगरातल्या कलादालनात मी एक प्रदर्शन पाहायला गेले होते. जुन्या हर्बेरियममधली वाळवलेली झाडं आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे फोटो एकावर एक ठेवून केलेले निळे सायनोटाईप होते. दिसायला देखणे. त्यातल्या एका चित्रापाशी मी थांबले. पुढे केकताडाचं पान, मागे जमिनीवर बसून दोर वळणारी एक बाई. खाली पट्टीवर कलाकाराचं नाव, कागदाचा प्रकार, तंत्र, साल असं सगळं होतं. बाईबद्दल दोनच शब्द : 'अनामिक स्त्री'. भिंतीवरच्या निवेदनात वसाहतवादी नजर होती, स्मृती होती, विस्थापन होतं. जात हा शब्द एकदाही नव्हता.

माझी आजी दोर वळायची. आम्ही मांग. केकताडाची पानं कापायची, ओढ्यात भिजत घालायची, कुजली की दगडावर बडवून वाख काढायचा. त्या चिकानं हात खाजून सोलपटून निघायचे. पोळ्याला गावभरच्या बैलांना नवा कासरा तिच्या हातचा असायचा, आणि बदल्यात खळ्यावरचं उरलंसुरलं धान्य. या कामाला 'विस्थापन' म्हणत नाहीत, बलुतं म्हणतात. ही बाई दोरच का वळते आहे, याचं उत्तर साहेबाच्या कॅमेऱ्यात नाही. ते गावाच्या रचनेत आहे.

माझा पहिला आक्षेप हाच आहे. आजकाल अभिलेखागारातल्या साहित्यावर काम करणारे बहुतेक सवर्ण कलावंत सगळा दोष इंग्रजांच्या खात्यावर टाकतात आणि मोकळे होतात. इंग्रज दोषी होतेच. 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ 1868 ते 1875 या काळात लंडनहून निघाला. त्यात साडेचारशेहून जास्त फोटो आहेत, आणि फोटोसोबतच्या मजकुरात अख्ख्या जमातींच्या स्वभावावर निकाल दिलेले आहेत. 1857 नंतरच्या सरकारला आपली रयत ओळखून हवी होती. पण कोण वरचा आणि कोण खालचा, हे साहेबाला सांगणारे मुन्शी, कारकून आणि पंडित कुठले होते? ते इथलेच होते. फोटोची काच विलायतेहून आली, उतरंड मात्र आधीपासून इथे होती.

1869 मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनमध्ये होते. तिथे त्यांनी हा ग्रंथ पाहिला आणि ते अपमानानं व्यथित झाले. त्यांनीच पत्रात लिहून ठेवलं आहे की, ग्रंथ चाळताना त्यांच्या मुलाला एका तरुण इंग्रजानं विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? मुलानं हो म्हटलं, आणि लगेच खुलासा केला की आम्ही इथले मूळनिवासी नव्हे, आमचे पूर्वज बाहेरून आले. अपमान सगळ्यांचा झाला होता. सुटका मात्र स्वतःपुरती शोधली गेली. आजच्या प्रदर्शनांतला वसाहतवादविरोध मला पुष्कळदा त्या खुलाशासारखा वाटतो.

दुसरा आक्षेप 'अनामिक' या शब्दाला आहे. हा शब्द असा वापरतात, जणू नाव नसणं हा आमचा गुणधर्मच आहे. 'हॉर्टस मलबारिकस' हा केरळच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. डच अधिकारी व्हान ऱ्हीडनं त्यात इट्टी अच्युतन या एळवा वैद्याचं निवेदन त्याच्या लिपीत, त्याच्या नावासकट छापलं. शेजारी तीन कोकणी ब्राह्मणांचं निवेदन नागरी लिपीत आहे. पुढे 'अच्युडेमिया' हे एका वनस्पती-प्रजातीचं नाव याच वैद्यावरून पडलं. म्हणजे अवर्ण माणसाचं नाव लिहिणं 1678 मध्येही शक्य होतं. उलट पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथे 1840 च्या दशकाच्या अखेरीस अलेक्झांडर गिब्सननं काढून घेतलेली सुंदर चित्रं आज एडिंबरोच्या संग्रहात आहेत. गिब्सनचं नाव राहिलं, चित्रं काढणाऱ्या हाताचं नाव नोंदलंच गेलं नाही. नाव हरवत नाही. कुणीतरी ते लिहायचं टाळतो.

आणि मांगाच्या बाईला नाव नव्हतं म्हणता? मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतल्या मांग मुलीनं 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'पीपल ऑफ इंडिया'च्या पहिल्या खंडाच्या तेरा वर्षं आधी. ते खंड निघत असतानाच 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि सत्यशोधक समाज स्थापला. आमची माणसं तेव्हा फक्त कॅमेऱ्यासमोर बसलेली नव्हती. त्या निळ्या चित्राशेजारी मुक्ताबाईचा निबंध ठेवला असता, तर चित्राचा अर्थच बदलला असता.

आता विचारतील, मग सवर्णांनी या साहित्याला हात लावायचाच नाही का? माझं तसं म्हणणं नाही. ते फोटो जाळावेत असंही मला वाटत नाही. आमच्यातल्या कित्येक घरांत दोन पिढ्यांमागचा एकही फोटो नाही, त्यामुळे अपमानासाठी काढलेल्या फोटोतही आम्ही आमचे चेहरे शोधतो. वापरा, पण जात लिहा. काम लिहा आणि ते काम कुणी लादलं तेही लिहा. नाव मिळत नसेल तर 'नाव नोंदवलं गेलं नाही' असं लिहा, 'अनामिक' नको. ज्या समाजाचं ज्ञान आणि चेहरे वापरता, त्या समाजातल्या संशोधकांना आणि कलावंतांना मानधन देऊन सोबत घ्या. उद्घाटनाच्या दिवशी हलगी वाजवायला बोलावणं म्हणजे सहभाग नव्हे.

पण हा लेख फक्त त्यांच्यासाठी नाही. आपल्यासाठीही आहे, जे घरातले पहिले पदवीधर आहोत. वनस्पतीशास्त्राच्या एम.एस्सी.ला असताना मी केकताडाचं हर्बेरियम शीट केलं होतं. स्थानिक नाव आजीनं सांगितलेलं, उपयोग तिनं सांगितलेला, पान तिनंच कापून दिलेलं. 'संकलक' या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. मला कुणी मनाई केली नव्हती. तिचं नाव लिहावं हे मला सुचलंच नाही. पदवीनं मला झाडाचं लॅटिन नाव शिकवलं आणि आजीला 'स्थानिक माहिती' करून टाकलं. त्या दालनात मला राग आला, तो निम्मा माझ्यावरचाच होता.

आजी आता नाही. गेल्या महिन्यात मी गावी जाऊन बांधावरचं केकताड पुन्हा कापलं, नवं शीट केलं. संकलक म्हणून माझं नाव आहे, आणि माहिती देणारी म्हणून आजीचं पूर्ण नाव, जात आणि काम. बाजूला तिचा रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून लावला आहे. तो धूसर आहे, पण तो तिचाच आहे.

तुमच्या घरातही असं कुणीतरी आहे. बुरुडाच्या घरात बांबूची पारख आहे, ढोराच्या घरात कातडं कमावायच्या सालींची, वैदूच्या झोळीत मुळ्यांची. ते म्हातारे आहेत. या सुट्टीत घरी जाल तेव्हा मोबाईल काढा, फोटो घ्या, झाडं विचारा, आणि नोंद करताना पहिल्या ओळीत त्यांचं नाव लिहा. आपण लिहिलं नाही, तर उद्या कुणीतरी त्यांना सुंदर निळ्या रंगात रंगवेल आणि खाली 'अनामिक' लिहील.

जय भीम!