हस्तपुस्तिकेचे गद्य

संगणकप्रणालीसोबत येणारी हस्तपुस्तिका हा गद्याचाच एक प्रकार आहे, असे मराठीच्या वर्गात म्हटले की विद्यार्थी हसतात आणि सहकारी विषय बदलतात. मराठी गद्य आपण ललित आणि वैचारिक अशा दोन खणांत बसवून टाकले आहे. मी शिकवते त्या अभ्यासपत्रिकेत ‘व्यावहारिक मराठी’ नावाचा तिसरा खण आहे खरा; पण त्यात अर्जाचा नमुना, सभेचे इतिवृत्त आणि जाहिरातीचा मजकूर यांपलीकडे काही नाही. एखादे यंत्र वा प्रणाली कशी वापरावी हे अनोळखी माणसाला लिहून सांगणे हे लेखन आहे, त्याला दृष्टी लागते आणि ते वाईट झाले तर त्याची किंमत कुणीतरी मोजते, हे आपण मनावर घेतलेले नाही.

किंमत म्हणजे काय ते सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अंतर्गत गुण संगणकावर भरण्याची नवी प्रणाली आली. सोबत साठ पानांची पुस्तिका होती. पडद्याची चित्रे, त्यांवर लाल बाण, आणि प्रत्येक बाणाखाली त्या बटणाचे नाव. ‘सबमिट’च्या बाणाखाली लिहिले होते, ‘सबमिट करण्यासाठी येथे क्लिक करा’. हे बटण एकदा दाबले की गुणपत्रिका कायमची बंद होते आणि नंतर एक गुणही बदलता येत नाही, ही गोष्ट साठ पानांत कुठेही नव्हती. निवृत्तीला आलेल्या आमच्या एका सहकाऱ्यांनी अर्ध्या वर्गाचे गुण भरून, उरलेले उद्या भरू अशा विचाराने, ते बटण दाबले. उरलेल्या मुलांचे निकाल राखून ठेवले गेले. दुरुस्तीला सात आठवडे लागले आणि तेवढ्यात एका विद्यार्थिनीची बी.एड.ची प्रवेशफेरी निघून गेली. सरांनी पुस्तिका वाचली नाही, असा ठपका आला. त्यांनी ती वाचली होती. पेन्सिलीने खुणा करून वाचली होती.

या पुस्तिकेत असत्य असे एकही वाक्य नव्हते. दोष होता तो दृष्टिकोनाचा, म्हणजे आपण कादंबरीच्या संदर्भात तो शब्द वापरतो त्याच अर्थाने. ज्याने प्रणाली बांधली त्याच्या जागी उभे राहून ती लिहिलेली होती. त्याला पडद्यावर बटणे दिसतात. जो पहिल्यांदा तिच्यासमोर बसतो त्याच्या मनात बटणे नसतात, काम असते: ‘मला बासष्ट मुलांचे गुण भरायचे आहेत आणि आज वेळ कमी आहे.’

या लेखनाचा इतिहास आपल्या मंडळींना ठाऊक असायला हवा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या प्रणालीची पहिली हस्तपुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 या तारखेची आहे. तिच्यातील प्रत्येक नोंदीचा साचा ठरलेला: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फायली, आणखी कुठे पाहावे, आणि पुढे ‘बग्ज’, म्हणजे आमच्या या आज्ञेत काय चुकते, याची स्वतःहून दिलेली कबुली. शेवटी ‘मालक’ या शीर्षकाखाली लिहिणाऱ्याची खूण, ‘केन’ किंवा ‘डीएमआर’. वस्तू बनवणाऱ्यानेच तिचे वर्णन करावे, त्यातच तिचे दोष नोंदवावेत आणि खाली आपले नाव घालावे, इतका प्रांजळपणा आपल्या किती समीक्षाग्रंथांच्या प्रस्तावनांत सापडेल? (आपल्याकडे ‘काही उणिवा राहिल्या असतील’ असे लिहिण्याची प्रथा आहे, कोणत्या, ते लिहिण्याची नाही.)

याच गटातील डग्लस मॅक्इलरॉय यांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. हस्तपुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची वेळ आली की सगळ्यांची धावपळ उडे. कारण प्रणालीतला एखादा ओबडधोबड भाग शब्दांत मांडायला बसले की हे छापायला आपल्यालाच लाज वाटेल असे लक्षात येई, आणि मग वर्णन सजवण्याऐवजी तो भागच बदलला जाई. मला ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. जे नीट सांगता येत नाही ते नीट बांधलेलेच नसते, हे त्या अभियंत्यांना लिहिता लिहिता कळले. आमच्या गुणप्रणालीची पुस्तिका लिहिणाऱ्याने ‘हे बटण दाबल्यावर परतीचा मार्ग नाही’ हे वाक्य एकदा लिहून पाहिले असते, तर बटणाआधी निदान एक प्रश्न विचारावा असे त्याला सुचले नसते का?

डोनल्ड नूथ यांनी याच्याही पुढे पाऊल टाकले. 1984 साली त्यांनी मांडले की संगणकाची आज्ञावली ही मुळात माणसाने माणसासाठी लिहिलेली संहिता असावी. यंत्राला काय करायचे ते तिच्यातून आपोआप काढून देता येईल. त्यासाठी त्यांनी ‘वेब’ नावाचे साधन केले (आजच्या महाजालाशी त्याचा संबंध नाही). एकाच लिखाणातून एक उपकरण यंत्रासाठी आज्ञा वेगळ्या काढी आणि दुसरे माणसांसाठी निबंध जुळवी. ग्रंथांची अक्षरजुळणी करणाऱ्या ‘टेक्’ या त्यांच्या प्रणालीची संपूर्ण संहिता अशा रूपात 1986 साली पुस्तक म्हणून निघाली. चूक दाखवून देणाऱ्याला ते 2 डॉलर 56 सेंटचा धनादेश पाठवीत. कल्पना भव्य होती. पण ती सर्वत्र रुजली नाही आणि त्याचे मला नवल वाटत नाही. उत्तम प्रोग्रॅमर आणि उत्तम निबंधकार एकाच देहात असावा, अशी तिची अट आहे. शिवाय आजची प्रणाली दहा-वीस हातांनी रोज थोडी थोडी बदलते, आणि निबंधाला असा सामुदायिक कर्ता सहसा मानवत नाही.

रुजले ते त्याहून साधे उपाय. दस्तऐवज साध्या मजकुराच्या फायलींत ठेवावा, त्यासाठी 2004 साली आलेल्या मार्कडाउनसारखी हलकी खूणपद्धत वापरावी, तो प्रणालीच्या संहितेशेजारीच नांदवावा आणि संहितेत बदल करणाऱ्याने त्याच वेळी मजकुरातही बदल करावा. पायथन या भाषेतले ‘डॉकटेस्ट’ हे साधन तर मजकुरातली उदाहरणे खरोखर चालवून पाहते आणि उत्तर जुळले नाही तर तक्रार करते. गद्यातले उदाहरण खोटे ठरल्याबरोबर कुणीतरी सांगावे, ही सोय पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना मिळाली तर काय होईल, याची कल्पना करून मी थोडी घाबरते. असो.

साधनांपेक्षा रचनेचा प्रश्न मोठा आहे. दानिएले प्रोचिदा यांनी दस्तऐवजाचे चार प्रकार वेगळे केले आहेत: नवख्याला हाताला धरून शिकवणारा पाठ, ठरावीक काम उरकण्याची कृती, संदर्भासाठी कोरडी नोंद, आणि ‘हे असे का’ याचे विवेचन. चारही एकत्र कालवले की कुणाचेच समाधान होत नाही. ही जाण मराठीला परकी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस केशोबासांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक असे तीन थर आहेत. नियम आधी, मग गोष्ट, मग त्या गोष्टीचा नियमाशी लावलेला मेळ. आणि तिन्हींच्या सीमा ठळक. अलीकडचे उदाहरण हवे तर कमलाबाई ओगले यांची 1970 सालची ‘रुचिरा’ घ्यावी. ‘अंदाजाने’ हा शब्द बाजूला सारून त्यांनी वाटी-चमच्याने प्रमाण दिले. सासर-माहेरच्या वडीलधाऱ्या बायका जवळ नसलेली, परगावी संसार मांडणारी मुलगी हा त्यांच्या गद्याचा वाचक होता, असे मला ते पुस्तक वाचताना नेहमी वाटते. मराठीतली उत्तम हस्तपुस्तिका कुणी विचारली तर मी ‘रुचिरा’चेच नाव घेईन, आणि यात थट्टा नाही.

आणि तरीही संगणकावरचे मराठी पाहावे तर ‘कृपया वैध मूल्य प्रविष्ट करा’! या वाक्यात शब्द मराठी वळणाचे आहेत, वाक्य नाही. ‘गुण 0 ते 20 या दरम्यान भरा’ असे लिहिणाऱ्याला मराठी अधिक यावी लागत नाही; समोर कोण बसले आहे ते ठाऊक असावे लागते. ‘जतन करा’ हा मात्र छान शब्द रुळला, त्याचे श्रेय ज्या अनामिकांचे त्यांना द्यावे.

त्या प्रकरणानंतर आमच्या कार्यालयातील हेडक्लार्क आणि मी मिळून दोन पानांचे टिपण केले. मी लिहायचे आणि त्यांनी माझे लिखाण समोर ठेवून, मला काहीही न विचारता, गुण भरून दाखवायचे. मी गप्प बसायचे, एवढीच अट. पहिल्या दिवशी ते चौथ्या ओळीला अडले आणि माझी जीभ चावता चावता मला कळले की मी एक पायरी गाळली होती. पाच खर्डे झाले. शेवटी युनिक्सच्या धर्तीवर दोषांचा एक परिच्छेद घालायचा होता, त्याला शीर्षक सापडेना. ‘त्रुटी’, ‘उणिवा’, ‘मर्यादा’ असे एकेक लिहून मी खोडत होते. भाऊसाहेबांनी पान वाचले आणि म्हणाले, “मॅडम, सरळ लिहा ना, ‘इथे फसायला होतं’.” तेच शीर्षक ठेवले. त्याखाली पहिली ओळ ‘सबमिट’बद्दल आहे.