लांडोर बंगल्याचे वकीलसाहेब

आज ३१ जुलै. धुळ्याहून मालेगावकडे निघाले की महामार्गावर लळिंगचा किल्ला लागतो. आज त्या किल्ल्याखाली सकाळपासून माणसांची रीघ लागेल. जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिककडून गाड्या भरभरून येतील. पांढऱ्या साड्यांतल्या आयाबाया लेकरे कडेवर घेऊन, पावसाने हिरव्या झालेल्या कुरणातून लांडोर बंगल्याकडे चढतील. १९३७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याच्या न्यायालयात एका खटल्याच्या कामासाठी आले होते आणि त्या भेटीची आठवण या बंगल्याशी जोडली गेली.

बाबासाहेबांच्या इतर स्मृतिस्थळांना सत्याग्रहाचे, परिषदेचे, धम्मदीक्षेचे नाव आहे. लळिंगला लोक जमतात ते कोर्टाच्या कामासाठी आलेल्या वकिलाची आठवण काढायला. एका अशिलाचे काम घेऊन आलेला माणूस निघून गेला आणि त्याच्या येण्याचा दिवस पिढ्यानपिढ्या पाळला गेला, असे भाग्य फार थोड्या वकिलांच्या वाट्याला येते. म्हणून आजच्या दिवशी घटनाकार, अर्थतज्ज्ञ, समाजक्रांतिकारक हे सारे क्षणभर बाजूला ठेवून त्या वकिलाबद्दलच बोलायला हवे.

१९२२ मध्ये लंडनच्या ‘ग्रेज इन’मधून ते बॅरिस्टर झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईत वकिली सुरू केली. उच्च न्यायालयात काम मिळायचे ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. मग जिल्ह्या-तालुक्याची कोर्टे आणि गरिबांचे दावे हेच त्यांचे क्षेत्र झाले. पण ते फक्त आपल्या माणसांचे वकील नव्हते. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्यासाठी ते उभे राहिले आणि अपिलात त्यांना सोडवून आणले. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक शिक्षणाचे नाव काढले तरी कानावर हात ठेवणारा तो काळ होता. कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली, खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. हरण्याची शक्यता दिसत असतानाही वकीलपत्र घेणे, हाच वकिलीचा कस असतो. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ पासून तीन कोर्टांत दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला. त्यानंतर चारच महिन्यांनी ते धुळ्याला आले. तेव्हा ते मुंबई विधानसभेचे सदस्य होते, सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. जिल्हा कोर्टाच्या कामाला नकार द्यायला एवढी कारणे कोणालाही पुरली असती.

खानदेशाशी त्यांचा संबंध त्याआधीचा आहे आणि तो दुखरा आहे. १९२९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या, स्टार्ट समिती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समितीचे सदस्य म्हणून ते पूर्व आणि पश्चिम खानदेशच्या दौऱ्यावर आले होते. काम आटोपून मुंबईला निघालेला हा माणूस चाळीसगावला उतरला. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. धुळ्याच्या गाडीत बसून ते त्या गावी गेले, लोकांना भेटून काय घडले ते जाणून घेतले आणि पुढच्या गाडीने परत आले. चाळीसगावच्या वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनवर मात्र तासभर ताटकळावे लागले, कारण एकही टांगेवाला या बॅरिस्टरचा टांगा हाकायला राजी नव्हता. अखेर तडजोड झाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा आणा. वस्तीतल्या कोणालाच टांग्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडखळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा नि टांगा खाली नदीत. पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. टांगा हाकून पोट भरणारा माणूसही स्वतःला अस्पृश्य बॅरिस्टरपेक्षा वरचा समजतो, हे त्या दिवशी समजले, असा त्याचा आशय आहे.

या प्रसंगातला अपघात सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचा बहिष्काराच्या गावचा तो फेरा मात्र कोणी फारसा सांगत नाही, आणि आम्हाला तोच मोलाचा वाटतो. समितीचे काम संपले होते, जायलाच हवे अशी सक्ती नव्हती. अर्ज मागवता आला असता. पण ज्याची बाजू मांडायची त्याच्यापर्यंत आपण जायचे, त्याच्या तोंडून ऐकायचे, ही त्यांची रीत होती.

पुढे राज्यघटनेत ही रीत हक्काच्या रूपाने आली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी मांडलेले कलम आज अनुच्छेद २२ म्हणून ओळखले जाते. अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून बचाव करून घेण्याचा हक्क त्यात आहे. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याने काय करायचे, याचे उत्तर यायला १९७६ उजाडले, तेव्हा मोफत कायदेविषयक साहाय्याचे ३९ क हे कलम घटनेत आले. १९८७ च्या कायद्याने विधी सेवा प्राधिकरणे उभी राहिली. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यात लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली. त्यातले वकील खासगी वकिली न करता पूर्णवेळ आरोपींचा बचाव करतात.

जळगावचे नाव देशाला माहीत आहे ते सरकारी वकील उज्ज्वल निकम यांच्यामुळे, आणि त्यांचा सर्वांत गाजलेला खटला कसाबचा. त्या कसाबलाही सरकारी खर्चाने वकील मिळाला होता. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली आणि त्याच निकालात सांगितले, की आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची पूर्ण कल्पना देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कसाबला जे मिळाले ते सातपुड्यातल्या पावरा मजुराला आणि तापीकाठच्या सालदाराला मिळते का, हे विचारायचा अधिकार आज लळिंगला जमणाऱ्या प्रत्येकाला आहे.

कागदावर मिळते. प्रत्यक्षात वकिलाची आणि अशिलाची पहिली गाठ पुष्कळदा कोर्टाच्या व्हरांड्यात पडते, हातात बेडी, शेजारी पोलीस, पुकारा व्हायला पाच मिनिटे. माणूस अहिराणीत किंवा पावरीत बोलतो, कागद प्रमाण मराठीत असतात. त्याची हकिगत ऐकायला कोणाला उसंत नसते. पुढे जामीन मंजूर होतो आणि तरीही तो सुटत नाही, कारण जामीनदार हवा आणि जामीनदाराचा सातबारा हवा. ऊसतोडीला गेलेल्या, दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या घराकडे सातबारा कुठून येणार? घरच्यांना जामीन झाल्याचे कळायलाही कधी आठवडे जातात. एवढ्या अवधीत हंगाम जातो, घरातली बकरी विकली जाते, पोराची शाळा सुटते.

याचा इलाज सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगून ठेवला आहे. जामिनाचा आदेश होऊनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील त्याच्याकडे पाठवायचा. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अट सैल करण्याचा विचार कोर्टाने स्वतःहून करायचा. आज लांडोर बंगल्यावर येणाऱ्यांत काळ्या कोटातली तरुण मुले-मुली असतील. जळगाव आणि धुळ्याच्या कारागृहांत जामीन होऊनही अडकलेल्यांची यादी त्यांनी या आठवड्यातच मागावी, आणि यादीतल्या प्रत्येकाच्या गावी जाऊन घरच्यांना भेटावे.