दुसरी सही

१० जून १९९०. बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान १७,३०० फुटांवर असताना कॅप्टन टिम लँकेस्टर यांच्यासमोरची काच निखळली आणि ते कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सेवकांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन यांनी विमान साउदम्प्टनला सुखरूप उतरवले. कॅप्टनसह सारे वाचले. कौतुक होते ते या धैर्याचे, आणि ते व्हायलाच हवे.

माझे मन मात्र घुटमळते ते हँगरमध्ये. उड्डाणाच्या २७ तास आधी ती काच नवी बसवली होती. बाहेरून बसवायची काच, म्हणजे आतल्या हवेच्या दाबाचा सारा भार बोल्टांवर. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक निघाले, ६ आखूड. बारीक म्हणजे किती, तर फरक पाऊण मिलिमीटरचाही नाही! भांडारातल्या माणसाने योग्य माप सांगितले होते; पण रात्रपाळीच्या अनुभवी साहेबांनी जुना बोल्ट शेजारी धरून नजरेनेच माप जुळवले. चूक त्यांची होतीच. पण त्या कामाची दुसऱ्याने तपासणी करावी, असा नियमच नव्हता, हा दोष मला अधिक मोठा वाटतो.

आमच्या बँकेत साध्या व्हाउचरलाही दुसरी सही लागे. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे मीही तरुणपणी फणकाऱ्याने विचारले होते.

हल्ली मी गॅस बंद केला, तरी सौ. पुन्हा जाऊन बघून येते. पूर्वी राग यायचा.