मोकळी सोडलेली नळी

पवारांच्या धार आणि देवास या जुन्या संस्थानांचा मुलूख आज मोटारउद्योगाने ओळखला जावा, हे स्थित्यंतर आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडले. धार जिल्ह्यातील पिथमपुरात मालवाहू आणि प्रवासी गाड्या तयार होतात. तेथेच ‘नॅट्रॅक्स’ या चाचणीकेंद्राचा ११.३ किलोमीटर लांबीचा, आशियातील सर्वांत लांब म्हणून २०२१ साली खुला झालेला द्रुतगती मार्ग आहे. आणि देवासात टर्बोचार्जर व गिअर घडतात. ज्या मुलखात वाहनाची परीक्षा इतक्या काटेकोरपणे होते, त्याच मुलखातील रस्त्याकडेच्या गॅरेजांत इंजिनाच्या झाकणावरून निघणारी ब्रीदरची नळी उपसून तिचे तोंड जमिनीकडे मोकळे सोडून देण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविरुद्ध मला आज स्पष्ट तक्रार नोंदवावयाची आहे.

सिलिंडरमध्ये इंधनाचा भडका उडतो तेव्हा, पिस्टनच्या रिंगा कितीही चोख बसलेल्या असल्या तरी, थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खालच्या क्रँककेसमध्ये उतरतो. त्या वायूत अर्धवट जळालेले इंधन असते, पाण्याची वाफ असते, आम्ल निर्माण करणारी द्रव्ये असतात आणि वर येताना तो ऑइलचे सूक्ष्म तुषारही बरोबर घेतो. त्यास वाट दिली नाही तर आतील दाब वाढून सील आणि गॅस्केटांतून ऑइल पाझरू लागते, व ऑइलचा गाळ होतो. वाट द्यावयास हवी याविषयी दुमत कधीच नव्हते. ती कोठे द्यावी, एवढाच प्रश्न होता, आणि कित्येक दशके त्याचे उत्तर ‘गाडीखाली, रस्त्यावर’ असेच होते. इंधनाची वाफ व नायट्रोजनची संयुगे सूर्यप्रकाशात एकत्र आली की लॉस एंजेलिसचे दाट, डोळे झोंबविणारे धुके तयार होते, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत दाखवून दिले. मोटारीतून सुटणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे २० टक्के एकट्या क्रँककेसमधून येतात, असाही त्या काळचा अंदाज होता. म्हणून कॅलिफोर्नियात १९६१ च्या मोटारींपासून हा वायू एका झडपेतून परत इंजिनाच्या शोषणमार्गात नेऊन जाळण्याची व्यवस्था आली. मोटारीच्या प्रदूषणावर बसलेला तो पहिला लगाम होय. आज धारेच्या किंवा देवासच्या गॅरेजात वायू परत नेणारी हीच जी नळी सोडविली जाते, तिने ती गाडी साठ वर्षांहून अधिक मागे नेलेली असते.

मिस्त्रीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे, कारण त्याचे निदान पुष्कळदा खरे असते. ऑइलचे तुषार शोषणमार्गात गेले की इंटरकूलर आतून ओशट होतो, टर्बोच्या तोंडाशी चिकट थर बसतो, आणि डिझेलच्या गाडीत ईजीआरमधून, म्हणजे जळका वायू पुन्हा इंजिनात नेणाऱ्या वाटेतून, परत आलेली काजळी त्या तेलकटपणावर साचून मॅनिफोल्डची वाट अरुंद होते. ज्या नव्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्येच फवारले जाते, तेथे व्हॉल्व्हच्या पाठी इंधनाने धुतल्या जात नाहीत व त्यांवर कार्बन चढतो. त्यातून निमाडातून माळव्यात चढणारा आग्रा रस्त्याचा घाट भरल्या गाडीने रोज चढणाऱ्या जुन्या इंजिनाचे तर विचारूच नये. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडावे, तोंडावर तळहात धरावा, तो धक्क्याधक्क्याने वर उचलला जातो, हाताला ओलसर उष्णता व करपट वास लागतो, आणि मिस्त्री म्हणतो, ‘बॅक कॉम्प्रेशन आहे.’ निदान बरोबर. परंतु रिंगा झिजल्या हा त्याचा अर्थ असून रिंगा बदलणे हाच त्यावर इलाज आहे. मालकास तो खर्च नको असतो, आणि मग दोन मिनिटांत नळी उपसली जाते.

येथे या मामल्याचे खरे मर्म आहे, आणि त्याची वाच्यता कोठे होताना मला दिसत नाही. झिजलेल्या इंजिनाचे ऑइल शोषणमार्गातून जळते तोवर सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. नळी सोडविली की तो धूर कमी होतो. पीयूसीची तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशीच होते, पेट्रोलच्या गाडीत तेथे सळई घालून व डिझेलच्या गाडीत धुराची घनता मोजून. परिणामी, ज्या गाडीने आपला विषारी वायू तोटीतून सोडण्याऐवजी पोटाखालून सोडावयास आरंभ केला, ती गाडी परीक्षेत अधिक स्वच्छ ठरते आणि मालकाच्या हाती रीतसर दाखला पडतो. कंपनीकडून गाडीचा नमुना मंजुरीसाठी येतो तेव्हा पेट्रोलच्या गाडीच्या क्रँककेसमधून काहीही बाहेर पडता कामा नये, अशी अट असते. एकदा गाडी विकली गेली की त्या अटीची चौकशी करणारा कोणी उरत नाही.

कायदा मुका आहे असे नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० अन्वये वायुप्रदूषणाची मानके मोडणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीवाचून वाहनात फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद सांगितली आहे. परंतु बॉनेटच उघडले जात नसेल, तर या कलमांचा अंमल व्हावा कसा?

सगळाच फेरफार त्याज्य आहे, असे मी म्हणत नाही. वायूतील ऑइल व पाणी वेगळे करणारा डबा, ज्यास वाहनशौकीन ‘कॅच कॅन’ म्हणतात, तो नळीच्या मध्ये बसवून तिचे दुसरे टोक पूर्वीच्याच जागी जोडले, तर शोषणमार्ग स्वच्छ राहतो आणि हवेतही काही जात नाही. अशा बंद रचनेस, कंपनीची व परिवहन खात्याची संमती असेल तर, माझी हरकत नाही. मात्र तो डबा वेळोवेळी रिकामा करावा लागतो, विशेषतः माळव्याच्या थंडीत, जेव्हा थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही व डब्यात पाणीच अधिक साचते. नळीच्या तोंडात बोल्ट ठोकून ती बंद करणे हा मात्र निव्वळ अविचार आहे. आणि मोकळ्या नळीचे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकले तर आगीचा धोका असतो, हे ध्यानात घ्यावे.

धारेच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय असून, उत्तम यंत्राच्या गुणांत अवयवांची सुश्लिष्टता व शैथिल्याचा अभाव यांची गणना केलेली आहे. ज्याची नळी एका टोकास सुटून लोंबते आहे, असे इंजिन त्या कसोटीसही उतरणार नाही.

मध्य प्रदेशाच्या परिवहन खात्याकडे माझी मागणी साधी आहे. पीयूसीचा दाखला देण्यापूर्वी बॉनेट उघडून ब्रीदरची नळी दोन्ही टोकांस जोडलेली आहे की नाही हे पाहिले जावे व त्याची नोंद दाखल्यावर व्हावी. व्यापारी वाहनांच्या फिटनेस तपासणीत हेच कलम सक्तीचे असावे. यास नवे उपकरण लागत नाही, मिनिटाहून अधिक वेळही लागत नाही. वाचकांपैकी ज्यांची स्वतःची गाडी आहे, त्यांनी खात्याच्या हुकमाची वाट न पाहता पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी ही नळी मिस्त्रीकडून दाखवून घ्यावी, आणि ती सुटलेली आढळली तर आपल्यासमोर जोडवून घेतल्यावाचून गाडी ताब्यात घेऊ नये.