हवापालट आणि गावपालट

बंगळूर सोडण्याची भाषा हल्ली येथील मराठी घरांतून इतकी सर्रास ऐकू येते की, ती न बोलणारा मनुष्यच वेगळा वाटावा. सेवानिवृत्तीस दोन वर्षे उरलेले बँकेतील अधिकारी, घरी बसून संगणकावर काम करण्याची मुभा मिळालेले तरुण जोडपे, मुले परदेशी गेल्यामुळे चार खोल्यांत दोघेच उरलेले वृद्ध, या सर्वांचे म्हणणे एकच. हे शहर आता राहण्याजोगे उरले नाही. दक्षिणेतच एखादे बेताच्या आकाराचे, डोंगरानजीकचे, हवेशीर गाव पाहावे आणि तेथे बिऱ्हाड हलवावे. मग म्हैसूर, कोइमतूर, बेळगाव, शिवमोगा, हासन, चिकमगळूर अशी नावे निघतात. समुद्रसपाटीपासूनची उंची, पावसाचे मान, भूखंडाचा दर आणि विमानतळाचे अंतर यांची कोष्टके मांडली जातात, आणि मुलीसाठी स्थळे पाहावीत तशी गावे पाहणे सुरू होते.

या उद्योगाविषयी आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते पुष्कळांस रुचणार नाही, म्हणून आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. गाव बदलण्यास आमचा विरोध नाही. मराठी माणूस गाव बदलीत आला नसता तर हे मासिक निघाले नसते आणि त्यास वाचकही लाभले नसते. आमचा विरोध आहे तो गाव निवडण्याच्या या कसोटीस. तीत हवेस, दरास, देखाव्यास स्थान आहे. गावास मात्र कोठेच स्थान नाही.

बंगळूरविषयीच्या तक्रारी खोट्या आहेत, असे कोण म्हणेल? १९५१ च्या जनगणनेत आठ लाखांच्या आत असलेली वस्ती २०११ मध्ये चौऱ्याऐंशी लाखांवर गेली. बेळ्ळंदूरच्या तलावावर विषारी फेस दाटला, आणि पाण्याने आग विझवावयाची ही सृष्टीची रीत मोडून त्या तलावालाच आग लागल्याचे लोकांनी पाहिले. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी कोरड्या पडल्या आणि मोठमोठ्या वसाहतींतील सुखवस्तू माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली. रस्त्यावर जाणारा वेळ तर आयुष्यातून वजाच करावा लागतो. हे सारे सोसून जो थकला त्यास पळपुटा म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

परंतु हे कोष्टक घेऊन १९५१ साली कोणी दक्षिणेत गाव शोधावयास निघाला असता तर त्याच्या बोटाखाली कोणते नाव आले असते? बंगळूरच! समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांची उंची, सुखद हवा, जवळच नंदीचा डोंगर, रुंद रस्ते, बागा आणि बेताची वस्ती. सेवानिवृत्तांचे नंदनवन म्हणून या शहराची ख्याती होती. ज्या गुणांनी आज म्हैसुराकडे मने ओढली जात आहेत, त्याच गुणांनी एकेकाळी ती बंगळुराकडे ओढली गेली. हवेसाठी आलेल्यांनी बंगले बांधले, बंगल्यांच्या जागी सदनिका आल्या, सदनिकांसाठी तळी बुजली, आणि ज्या हवेसाठी सारा खटाटोप होता ती हवाच गेली. म्हणजे या कोष्टकास चांगले गाव हुडकता येते यात शंका नाही. ते राखण्याची विद्या मात्र त्यात नाही. २०२३ मध्ये बंगळूर-म्हैसूर हा नवा जलदमार्ग खुला झाला तेव्हा प्रवास निम्म्यावर आला म्हणून सर्वांनी आनंद मानला. माणसे ज्या वाटेने येतात त्याच वाटेने शहरही येते, हा विचार किती जणांच्या मनात आला असेल?

पाण्याची गोष्ट घ्या. या शहराने १८९४ मध्ये हेसरघट्ट्याचे पाणी आणले. ते पुरेना तेव्हा १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आणले. तेही अपुरे पडले, तेव्हा १९७४ पासून कावेरीस हात घातला. आज सुमारे १०० किलोमीटरांवरून, पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून, ते पाणी आपल्या नळास येते. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. आता पाण्यासाठी म्हैसुरास जाऊ म्हणणाऱ्याने तेथील नळास कोणते पाणी येते ते पाहावे. कावेरीचे, आणि तिच्याच उपनदीचे, कबिनीचे! तीच नदी थोडी वरच्या अंगास जाऊन प्यावयाची, एवढाच या स्थलांतराचा अर्थ. कोइमतूरचे सिरुवाणीचे पाणी गोड म्हणून नावाजले जाते, पण ते धरण केरळात आहे. बेळगावची तहान राकसकोपचा जलाशय भागवितो आणि तो पूर्णपणे सह्याद्रीच्या पावसावर अवलंबून आहे. दक्षिणेतील या साऱ्या गावांचे पाणी अखेर त्या एका पर्वतराजीच्या कुशीतून येते. तेव्हा 'डोंगर जवळ हवा' ही मागणी आम्हांस अगदी मान्य आहे. मात्र डोंगर म्हणजे गच्चीवरून दिसणारे चित्र नसून गावाचा पाणवठा आहे, एवढे ध्यानात असले पाहिजे.

आणि काहींना तर डोंगर जवळ असून भागत नाही. घर डोंगरावरच लागते! कॉफीच्या मळ्याचा तुकडा तोडून पाडलेला भूखंड, उतार कापून काढलेला रस्ता, दरीकडे तोंड केलेला सज्जा. कोडगूत २०१८ च्या ऑगस्टमध्ये असे उतार घरांसकट खाली आले. ३० जुलै २०२४ च्या रात्री वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे चिखलाखाली गेली आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. मेली ती बहुतांशी कष्टकरी माणसे. देखाव्यासाठी येणारे तेथे बारमाही राहत नव्हते. या पर्वतराजीचे काय करू नये हे सांगणारा अहवाल ज्या समितीने २०११ मध्ये दिला तिचे अध्यक्ष होते माधव गाडगीळ. पुण्यात जन्मलेल्या या मराठी शास्त्रज्ञाची कर्मभूमी म्हणजे आपल्याच बंगळुरातील भारतीय विज्ञान संस्था. त्या अहवालाचा अभिमान आपण सभांतून मिरवितो आणि भूखंड पाहताना तो घडी घालून ठेवतो. ही विसंगती आम्हांस असह्य वाटते. डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहावे. डोंगर गाडगीळांसारख्यांच्या शब्दावर सोडून द्यावा.

आता भाषेकडे वळतो, कारण या साऱ्या चर्चेत जो प्रश्न कोणीच विचारीत नाही तो हाच आहे. बंगळुरात तीस वर्षे राहून कन्नड न बोलता येणारी मराठी माणसे आहेत, आणि त्यांचे अडत नाही. हे शहर नाना भाषांचे आहे. तेथे हिंदीने, इंग्रजीने, हातवाऱ्यांनीही दिवस निभतो. म्हैसुराच्या जुन्या पेठेत तो तसा निभणार नाही. कोइमतुरास तर नाहीच नाही. साठाव्या वर्षी तेथे गेलेल्या गृहस्थाच्या छातीत मध्यरात्री कळ आली, तर ती कोठून निघते आणि कोठे जाते हे रुग्णालयातील परिचारिकेस तो कोणत्या भाषेत सांगणार? रुग्णालय किती नामांकित आहे हे कोष्टकात लिहिलेले असते. तेथे आपण मुके असू हे लिहिलेले नसते.

यावर काही मंडळी म्हणतात, "म्हणूनच आम्ही बेळगावास जाऊ. तेथे सारे मराठीत चालते." बेळगावविषयी आमच्या मनात आदरच आहे. इंदिरा संतांचे आयुष्य ज्या गावात गेले त्या गावास मराठी वाचक परके कसे मानील? परंतु १९५६ पासून जे गाव सीमेच्या दुखण्याने पोळले आहे, ज्याच्या लोकांनी आपल्या भाषेसाठी खस्ता खाल्ल्या आहेत, त्या गावात केवळ 'आपले अडणार नाही' या सोयीसाठी जाऊन बसणे हा त्या लोकांचा गौरव नव्हे. ज्यांनी बंगळुरात तीन दशके कन्नडकडे पाठ फिरविली, ते बेळगावात जाऊन कोणत्या तोंडाने भाषेचा कैवार घेणार? भाषेचे प्रेम दुसऱ्याच्या भाषेविषयीच्या आळसावर पोसत नाही.

शिकणारे शिकतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदीच्या गलाईसाठी बाहेर पडलेली मुले पाहा. तामिळनाडूत, केरळात, आंध्रात सराफांच्या गल्लीत ती भट्टीपाशी बसली, तेथील भाषा कानाने शिकली आणि त्या पेठांची झाली. त्यांच्यापाशी कोष्टक नव्हते, निवडीची चैन नव्हती. त्या मानाने चार पदव्या घेतलेल्या आमच्या बांधवास बसवरची कन्नड पाटी वाचता येऊ नये, यास काय म्हणावे?

बंगळूर सोडून दक्षिणेतच अन्यत्र स्थिरावण्याचा हा मराठी माणसाचा पहिला प्रसंग नव्हे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे पुढे तंजावरास गेले. डोंगराची हवा पाहून नव्हे, तर कावेरीच्या मुखाकडील पिकता मुलूख पाहून. ते तलवारीच्या बळावर गेले, आपण निवृत्तिवेतनाच्या बळावर जाणार, हा भेद आम्ही जाणतो. पण तंजावरची मराठी सत्ता लोपली तरी तंजावरकर मराठे लोपले नाहीत, याचे कारण तलवारीत नाही. त्या घराण्यातील शहाजी राजाने तेलुगूत नाट्यप्रबंध रचले. सरफोजींनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला आणि बृहदीश्वराच्या चोळकालीन मंदिरात आपल्या कुळाचा मराठी शिलालेखही कोरविला. तेथील भाषा घेतली आणि आपली भाषा तेथे ठेवली. आपण घेणार काय आणि ठेवणार काय, हा आमचा साधा प्रश्न आहे.

राजांचे उदाहरण दूरचे वाटत असेल त्यांनी धारवाडकडे पाहावे. बेताचे गाव, सह्याद्रीच्या पूर्वेचा तो कलता प्रदेश, पावसाळ्यात सुखावणारी हवा. म्हणजे कोष्टकासही पसंत पडेल असे! दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे तेथलेच. घरची भाषा मराठी. कवी मात्र कन्नडचे, आणि असे की त्या भाषेने त्यांना आपले वरकवी मानले. 'नाकु तंती'साठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. त्यांनी मराठीतही लिहिले आणि काही वर्षे सोलापुरात कन्नड शिकविले. आपण सर्वांनी बेंद्रे व्हावे असा हट्ट कोणी धरणार नाही. पण घरात एक भाषा आणि अंगणात दुसरी असतानाही माणूस दुभंगत नाही, उलट दुणावतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

आमच्यावर आक्षेप येईल की, थकल्याभागल्या वृद्धांस हा उपदेश निष्ठुर आहे. आयुष्यभर राबलेल्या माणसाने अखेरची वर्षे निवांत घालवू म्हटले तर त्यास व्याकरणाचे पुस्तक काय दाखविता? आम्ही उलट म्हणतो, निष्ठुर ते कोष्टक आहे. ते वृद्धास हवा देते आणि माणसे काढून घेते. गावाबाहेरच्या कुंपणबंद वसाहतीत, एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस पहारेकरी, मध्ये संध्याकाळी बोलावयास कोणी नाही: या निवांतपणाचे दुसरे नाव एकांतवास आहे. दूधवाल्याशी, शेजारणीशी, देवळातल्या पुजाऱ्याशी चार वाक्ये बोलता आली म्हणजे वृद्धापकाळ अर्धा हलका होतो. तेवढी चार वाक्ये कोणत्याही वयात शिकता येतात.

म्हणून जाणाऱ्यांस आमचे सांगणे थोडक्यात असे. आधी भूखंड घेऊ नका. भाड्याच्या घरात पुरते एक वर्ष काढा, म्हणजे त्या गावाचा एक पावसाळा आणि एक उन्हाळा अंगावरून जाईल. घर जुन्या वस्तीत पाहा, डोंगराच्या उतारावर नव्हे. जाण्यापूर्वी सहा महिने तेथल्या लिपीस हात घाला. तेथे गेल्यावर मतदारयादीत नाव नोंदवा आणि तेथल्या तळ्याचे काय चालले आहे याची चौकशी करा. मराठी मंडळ असेल तर त्यात जा, नसेल तर चार घरे मिळून वाचनालय काढा. पण त्या मंडळाची दारे गावाकडे उघडी ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, दोन घरे ठेवून दोन्ही गावांत पाहुणे होऊ नका. बंगळूरचे घर भाड्यासाठी आणि म्हैसूरचे हवेसाठी, अशा माणसास पाणी दोन्ही गावे पुरवितात. त्याचा उपयोग मात्र एकाही गावास होत नाही.

एवढे करण्याची तयारी नसेल, तर बंगळुरातच राहावे. या शहरासही माणसे हवी आहेत. येथील उरलेल्या तळ्यांनाही कैवारी हवे आहेत. आणि कन्नड शिकण्यास गांधीनगर किंवा बसवनगुडी ही म्हैसुराइतकीच चांगली ठिकाणे आहेत. ज्यास येथे नागरिक होता आले नाही तो शंभर मैलांवर जाऊन, तीन अंश थंड हवेत, एकाएकी नागरिक होईल, यावर आमचा विश्वास नाही.