जादा वेळ आणि जाड अक्षर

"नीटला एकेका मार्कानं नंबर हुकतो. मग या दिव्यांग मुलांना जादा वेळ कशाला? आमच्या पोरांवर अन्याय नाही का हा?" लातूर-नांदेडात हा सवाल हमखास ऐकू येतो. विचारणारे आईबाप दुष्ट नसतात. पण त्यांनी एकदा आपल्याच लेकराच्या टेबलाकडे बघावं. छापील नोट्स, टेस्ट सिरीज, डाउट सोडवायला सर, मेसचा डबा, अभ्यासिकेतली खुर्ची. लातूर पॅटर्नचा एवढा बोलबाला झाला, तो हुशारीला साधनांची जोड दिली म्हणूनच ना? मग आपल्या पोराचे मार्क मेहनतीचे आणि भिंग लावून वाचणाऱ्याचे सवलतीचे, हा हिशेब कुठला?

नियमानं तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. पानाला नाक टेकवून वाचणाऱ्याची ओळ संपली की पुढची ओळ शोधण्यातच वेळ जातो. त्या तासात उत्तरं कुणी सांगत नाही.

"पण त्यांच्यासाठी वेगळं साहित्य करायचा खर्च?" हा दुसरा आक्षेप तर अगदीच पोकळ. कोणत्याही झेरॉक्सवाल्याला 141 टक्के म्हणा, ए-फोरचं पान ए-थ्रीवर मोठं होऊन येतं. कोऱ्या कागदावर काळ्या स्केचपेननं ठळक रेघा मारल्या की वही तयार. अंध मुलीला हृदयाची आकृती शिकवायची? जुन्या रबरी चटईवर कार्डशीट ठेवा आणि शिंप्याकडचं दातेरी चाक रेघेवरून दाबून फिरवा. उठाव मागच्या बाजूला येतो, म्हणून आकृती आधी उलटी काढायची, एवढंच लक्षात ठेवायचं.

तिसरे म्हणतात, मोबाईल वाचून दाखवतो की! दाखवतो, पण मजकूर युनिकोडमध्ये असला तर. जुन्या फॉन्टमधल्या मराठी नोट्स तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ करून वाचतो, आणि नुसत्या फोटोच्या पीडीएफपुढे मोबाईलचा साधा स्क्रीन रीडर गप्पच बसतो. फाईल मागितली की क्लासवाले कॉपीराइट पुढे करतात. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यातच दिव्यांगांसाठी सुगम प्रत काढायला आणि त्यांना शिक्षणासाठी द्यायला मुभा दिलेली आहे. ही सबब चालायची नाही.

राहता राहिलं "मेडिकल झेपणार नाही" हे पालुपद. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात 15 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की नुसती दिव्यांगत्वाची टक्केवारी पाहून प्रवेश नाकारता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळानं तपासलंच पाहिजे. शेजारपाजारच्यांनी हा निकाल आधीच देऊन टाकू नये.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत द्यायची जबाबदारी सरकारची आणि स्थानिक संस्थांची आहे. पालकांनो, मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. आणि क्लासवाल्यांनो, या वर्षीच्या नोट्स छापायला टाकाल, तेव्हा तीच फाईल युनिकोडमध्येही ठेवा, मागेल त्या दिव्यांग विद्यार्थ्याला द्या.