'विक्रमी' म्हणजे नेमके किती?

आज थोडं स्वतःच्याच विरोधात लिहितो.

गेली वीसेक वर्षं मालवणात पत्रकारिता करतोय. दर नाताळला आणि दर मे महिन्यात माझी ठरलेली बातमी : 'मालवणात पर्यटकांची विक्रमी गर्दी'. मागचा विक्रम किती होता? मला ठाऊक नाही. जेटीवर उभं राहायचं, पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या बघायच्या, दोन हॉटेलवाल्यांना फोन करायचा. झाली बातमी!

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ मध्ये. आपली डोकी जनगणनेत मोजली गेली : २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार ६५१. ज्यांच्या जिवावर आपण जगतो म्हणतो, त्या पाहुण्यांचं मात्र सगळं अंदाजपंचे.

गंमत म्हणजे आकडे रोज तयार होतात. किल्ल्याच्या होडीचं तिकीट फाटतं, लॉजवर आधारची झेरॉक्स घेतात, स्कुबाआधी फॉर्मवर सही होते. कागद आहेत, पण ज्याच्या त्याच्या ड्रॉवरमध्ये. बेरीज कोणी करायची? एका कार्यालयात विचारलं तर साहेब म्हणाले, "अंदाजे लिहा ना!"

देवबागला जाऊन अंदाज सांगा. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्लीची खाडी, मध्ये वाळूची पट्टी. विहिरींचं पाणी कमी होतं मे महिन्यात आणि घरं पाहुण्यांनी भरतात तीही मे महिन्यातच. गावचं पाणी आणि कचरागाडी मात्र लोकसंख्या बघून मागायची. रात्री मुक्कामाला असलेली माणसं त्या हिशोबात कुठे आहेत? २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले. अशा गर्दीच्या दिवशी किती माणसांमागे किती जीवरक्षक हवेत, हे माणसं मोजल्याशिवाय कसं ठरवणार?

आणि समुद्राखालचं? १९८७ पासून मालवणला सागरी अभयारण्य आहे. थायलंडने प्रवाळ वाचवायला माया बे हा किनारा २०१८ मध्ये बंद केला आणि २०२२ मध्ये माणसं मोजून उघडला. इथे किती पाय प्रवाळावर पडतात, त्याची नोंद मी तरी कुठे पाहिलेली नाही.

होमस्टेवाले चिडतील. एकाने तोंडावर सांगितलं, "मोजून काय करतलास? उद्या त्याच आकड्यार टॅक्स लावतले." भीती खोटी नाही. म्हणून माझं म्हणणं, डोकी मोजा, गल्ला नको. पण २०१९ मध्ये ऐन दिवाळीत क्यार वादळ आलं, तसं पुन्हा आलं आणि बुकिंगं रद्द झाली, तर भरपाई कशाच्या आधारावर मागणार? मच्छीमार फुटलेली होडी तरी दाखवतो. तुम्ही रिकाम्या खोल्या दाखवणार?

सुरुवात साधी करा. होडीची तिकिटं, लॉज-होमस्टेच्या मुक्कामाच्या रात्री, स्कुबाचे फॉर्म. दर महिन्याला तीन आकडे, नावं-पत्ते वगळून, नगरपरिषद आणि प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीच्या फलकावर. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोण तयार आहे, ते खाली लिहा.

यंदाच्या नाताळच्या बातमीत मी 'विक्रमी' लिहिणार नाही. डेस्कवरून फोन आला तरी.